तेरा चुकांनंतरचा सामना



शाळेच्या हीरक महोत्सवात परदेशातील एका खेळाची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. गोष्ट बास्केटबॉलची असली तरी तिच्या केंद्रस्थानी महाविद्यालयात नव्याने आलेली मुले आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले माजी विद्यार्थी आहेत. नव्या मुलाविषयी मत किती लवकर बनवावे आणि बनलेले मत किती घट्ट धरून ठेवावे, हा तिचा विषय आहे. या सभागृहातील प्रत्येक घराला तो कधी ना कधी भिडलेला असतो.

बास्केटबॉल हा मुळातच शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी शोधलेला खेळ. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, कडाक्याच्या थंडीत मुलांना आत खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि खेळाचे नियम लिहून काढले. पुढे हा खेळ अमेरिकी महाविद्यालयांच्या अभिमानाचा भाग झाला. पदवी घेऊन चाळीस वर्षे लोटली तरी माजी विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाचे सामने निष्ठेने पाहतात. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा येते. तिथे एकदा हरलेला संघ घरी जातो. दरम्यान तीसेक सामने होतात. नव्या खेळाडूची पारख चाहते तेवढ्यात करतात, किंबहुना पहिल्या दोन-तीन सामन्यांतच करून मोकळे होतात.

२००६ साली या घाईत भर पडली. शाळा संपताच व्यावसायिक एनबीएमध्ये जाण्याची वाट नव्या नियमाने बंद झाली. वयाची एकोणीस वर्षे आणि शाळेनंतरचे एक वर्ष पूर्ण होणे आवश्यक ठरले. त्यामुळे असामान्य गुणवत्तेची मुले महाविद्यालयात येऊ लागली, पण कित्येकदा एकाच वर्षापुरती. ज्याला पारखायचे तो पुढच्या वर्षी संघात असेलच, याची खात्री उरली नाही. त्या वर्षी पहिल्यांदा महाविद्यालयीन मैदानावर उतरलेल्या तीन मुलांच्या कथा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिला केव्हिन ड्युरंट, टेक्सास विद्यापीठाचा. त्याच्याविषयी चाहत्यांचे मत आरंभीच बनले आणि ते खरे ठरले. हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी २५.८ गुण मिळवले आणि वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार मिळवणारा तो पहिला प्रथम वर्षाचा विद्यार्थी ठरला. घाईने केलेली पारख नेहमीच चुकते असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. त्याच ड्युरंटला एनबीएच्या निवडीपूर्वीच्या चाचणीत सुमारे ८४ किलोचे वजन आडवे पडून एकदाही उचलता आले नाही, तेव्हा मात्र त्याच्या ताकदीविषयी शंकांचे पेव फुटले. वर्षभर डोळ्यांदेखत झालेला खेळ एका मोजणीपुढे फिका पडू शकतो, हेही त्यातून दिसले.

दुसरा स्टीफन करी. वडील डेल करी एनबीएतील नामांकित नेमबाज, तरीही मुलाची उंची जेमतेम सहा फूट आणि अंगकाठी किरकोळ म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. वडील जिथे खेळले होते त्या व्हर्जिनिया टेकनेही शिष्यवृत्ती न देता संघाबरोबर राहण्याची जागा तेवढी देऊ केली. अखेर तो नॉर्थ कॅरोलायनातील डेव्हिडसन या सुमारे सतराशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात आला. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात या मुलाची तोंडभरून स्तुती करून ठेवली होती. त्यामुळे अपेक्षा वाढलेल्या होत्या.

नोव्हेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला. त्यात करीने १५ गुण मिळवले आणि तब्बल १३ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गमावला. हा आकडा किती मोठा आहे हे खेळ न जाणणाऱ्यांनाही सहज कळेल. एका खेळाडूने एका सामन्यात चार-पाच वेळा चेंडू गमावला तरी प्रशिक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतात. मेळाव्यातील ती स्तुती आठवून एखाद्या माजी विद्यार्थ्याने मान हलवली असती तर त्याला दोष देता आला नसता.

परंतु त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. तेरा वेळा चेंडू गमावण्यासाठी तो त्याहून कितीतरी अधिक वेळा हातात यावा लागतो. पाच-सहा चुकांनंतर बुजलेला खेळाडू चेंडू मागतच नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याच्या चुका आपोआप थांबतात. अशा खेळाडूची नोंदवही स्वच्छ राहते, खेळ मात्र वाढत नाही. करी चुकत राहिला आणि चेंडू मागत राहिला. प्रशिक्षकांनी त्याला पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवले. मिशिगनविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने ३२ गुण मिळवले.

हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी २१.५ गुणांची होती. देशभरातील प्रथम वर्षाच्या खेळाडूंमध्ये त्याच्या पुढे एकटा ड्युरंट होता. लांबून फेकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात. अशा १२२ यशस्वी फेकी करून त्याने प्रथम वर्षाच्या खेळाडूंचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी, २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत, डेव्हिडसनने १९६९ नंतरचा आपला पहिला विजय मिळवला आणि गोन्झागा, जॉर्जटाऊन व विस्कॉन्सिन अशा मोठ्या संघांना ओळीने हरवले. विद्यार्थ्यांना डेट्रॉईटला जाऊन सामना पाहता यावा म्हणून महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी प्रवास, निवास आणि तिकिटांचा खर्च उचलला. अखेर कॅन्ससकडून ५९–५७ अशा अवघ्या दोन गुणांनी हार झाली.

आकड्यांच्या फसवेपणाचा आणखी एक प्रसंग २००८ च्या नोव्हेंबरातला. मेरीलँडमधील लॉयोला संघाने करीभोवती सामनाभर दोन-दोन खेळाडू उभे केले. देशात सर्वाधिक गुण मिळवणारा हा खेळाडू त्या दोघांना घेऊन शांतपणे बाजूला थांबला आणि त्याचे चार सहकारी उरलेल्या तिघांविरुद्ध खेळले. करीच्या नावापुढे शून्य गुण लागले. डेव्हिडसनने सामना ७८–४८ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी केवळ गुणतक्ता वाचणाऱ्याला त्या शून्याचा अर्थ कळला नसता.

इथे मैदान सोडून थोडे घराकडे वळले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतून दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जाते, तेव्हा पहिली चाचणी हा तिचा पहिला सामना असतो. विषय येत असतो, शब्द अडतात. प्रश्न विचारायला हात वर होतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटते. निकाल लागतो, गुण घसरलेले असतात, आणि घरात बोलणे सुरू होते : माध्यमच चुकले, लहानपणीच बदलायला हवे होते. एका चाचणीवरून मुलीविषयी आणि तिच्या शाळेविषयी निवाडा होतो. अशा वेळी गुणपत्रिकेबरोबरच एक साधी चौकशी व्हायला हवी. ती वर्गात अजून हात वर करते का? तुटक्या वाक्यांनिशी ती प्रश्न विचारत असेल तर घसरलेले गुण तेरा चुकांसारखे आहेत. ती गप्प राहू लागली असेल, तर मात्र चांगल्या गुणांनीही निश्चिंत होऊ नये.

हे सांगताना एक सावधगिरी आवश्यक आहे. करीची गोष्ट आज आठवली जाते ती तो पुढे मोठा झाला म्हणून. प्रत्येक अडखळणाऱ्या मुलात एक करी दडलेला असतो असे सांगणे ही पालकांची दिशाभूल ठरेल. त्यासाठी तिसऱ्या मुलाकडे पाहावे लागते.

तिसरा ग्रेग ओडेन, ओहायो स्टेटचा, सात फूट उंचीचा. उजव्या मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तो हंगामात उशिरा उतरला आणि काही काळ मोफत फेकी चक्क डाव्या हाताने करत राहिला. संघाला त्याने राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. फ्लोरिडाविरुद्धच्या त्या लढतीत संघ हरला, तरी त्याचे २५ गुण होते. २००७ च्या एनबीए निवडीत पहिला क्रमांक ओडेनचा लागला, दुसरा ड्युरंटचा. ओडेनविषयीचे मत घाईचे नव्हते, चुकीचेही नव्हते. पण पहिल्या हंगामापूर्वीच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, दुखापती थांबल्या नाहीत आणि एनबीएच्या नियमित हंगामांत त्याचे अवघे १०५ सामने झाले. अचूक पारखही भविष्याची हमी देऊ शकत नाही. मग चाहत्यांच्या, शिक्षकांच्या, आईवडिलांच्या हाती काय उरते? मुलाने पूर्ण केलेल्या किंवा न केलेल्या अपेक्षांपलीकडे त्याला आपले मानणे, एवढे उरते.

ओडेन ओहायो स्टेटमध्ये परतला आणि २०१९ मध्ये त्याने पदवी पूर्ण केली. करी २००९ साली एनबीएत गेला तेव्हा त्याचे शिक्षण अपुरे राहिले होते. डेव्हिडसनची रीत अशी, की खेळाडू कितीही मोठा असो, पदवी घेतल्याशिवाय त्याचा जर्सी क्रमांक सन्मानाने निवृत्त केला जात नाही. चार विजेतेपदे आणि तीन गुणांच्या फेकींचा जागतिक कीर्तीचा विक्रम नावावर असतानाही ती रीत त्याच्यासाठी वाकली नाही. २०२२ मध्ये त्याने समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली आणि ३१ ऑगस्टला महाविद्यालयाने एकाच समारंभात त्याला पदवी दिली व त्याचा ३० हा क्रमांक निवृत्त केला.

तेरा चुकांच्या सायंकाळपासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली होती. साठ वर्षांच्या या शाळेनेही अशी अनेक मुले पाहिली आहेत : काही पहिल्या दिवशीच ओळखू आलेली, काही उशिरा उमगलेली, काही दैवाने अडवलेली. महोत्सवाच्या मंडपात आज ती सगळीच आली आहेत, आणि प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत त्यांच्या नावांपुढे फक्त दहावीच्या तुकडीचे साल लिहिलेले आहे.