सिकलसेलचा नवा उपचार आणि लोकांची संमती

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातील इतरही समाजांत आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराचा फरक पडतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या वेळच्या कळा असह्य असतात.

क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करून या आजारावर करायच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. भारतात दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा 101’ हा उपचार विकसित केला असून, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवल्याचे नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले.

ब्रिटनने मान्य केलेल्या उपचारात रुग्णाच्या रक्तातील मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात. त्या परत सोडण्याआधी तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यामुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. विशी-पंचविशीतल्या रुग्णाला ही गोष्ट पावरी, माडिया किंवा गोंडीत नीट समजली नाही, तर कागदावरच्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

कायद्यात काही तरतुदी आहेत. औषध-चाचण्यांच्या 2019च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. पुढच्या पिढीत उतरणाऱ्या जनुकबदलाला भारतात मनाई आहे. चीनमध्ये 2018 मध्ये तिथले असेच बंधन झुगारून जनुक बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म घडवला गेला. तो घडवणाऱ्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली.

समितीतला एक नागरिक म्हणजे लोकांचे मत नव्हे. ते कसे घ्यावे, याचे उदाहरण आपल्याकडे पिकांच्या बाबतीत आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या, जनुक बदललेल्या बीटी वांग्यावर 2010 मध्ये सात शहरांत खुल्या सुनावण्या झाल्या. त्यांतली एक नागपुरात होती. त्यानंतर 9 फेब्रुवारीला केंद्राने परवानगी रोखली. निर्णयाबद्दल आजही मतभेद आहेत, पण शेतकऱ्याला मंत्र्यासमोर उभे राहून बोलता आले. पुढे, परके जनुक नसलेल्या जनुक-संपादित पिकांना मार्च 2022 मध्ये कडक नियमांतून सूट मिळाली आणि मे 2025 मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. तशा सुनावण्या मात्र त्याआधी झाल्या नाहीत.

सिकलसेलच्या बाबतीत तसे होता कामा नये. महाराष्ट्रात चाचण्या सुरू होण्याआधी नंदुरबारमधील धडगाव आणि गडचिरोलीतील भामरागडला लोकांच्या भाषेत सुनावण्या घ्याव्यात. धोका काय, खर्च कोणाचा आणि उपचार फसला तर जबाबदारी कोणाची, याची उत्तरे तिथेच लेखी द्यावीत.