भोपाळचे पाणी आणि आपले काम



भोपाळ म्हटले की २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. मला आज त्याच कारखान्याच्या दुसऱ्या जखमेबद्दल बोलायचे आहे. वायुगळतीच्या कितीतरी आधीपासून युनियन कार्बाइड आपला विषारी कचरा आवारात पुरत होती, शेजारच्या तळ्यांत सोडत होती. ते विष झिरपून वस्त्यांच्या हातपंपांत उतरले. त्या रात्रीनंतर जन्मलेल्या मुलांनीही ते पाणी प्यायले.

या लढ्यात पुढे राहिल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला. दोघी गॅसपीडित, दोघी कामगार. पैसा नाही, वशिला नाही. १९८९ मध्ये सोबतच्या बायकांना घेऊन त्या भोपाळहून दिल्लीला चालत गेल्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी पीडित मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला.

कारखान्यात साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला गेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. तरी काही महिन्यांत तो जाळला गेला. पण जाळले म्हणजे संपले, असे होत नाही. प्रक्रियेत चुना वगैरे मिसळावा लागतो, म्हणून राख ८०० टनांहून जास्त झाली. ती कुठे पुरायची, हा नवा वाद. आणि भोपाळची दूषित माती, भूजल अजून तिथेच आहे.

असा कचरा जिरवणारी केंद्रे आपल्याकडेही आहेत: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत हिशोब द्यावा लागतो. हा हिशोब माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो मागा. नाल्याचा रंग बदलला, वास आला, की तारीख, वेळ, फोटो नोंदवा. एकट्याची तक्रार बाजूला पडते; सहा महिन्यांची नोंद टाळणे अवघड जाते. जनसुनावणीला जाण्याआधी अहवाल वाचा, आणि मोहल्ल्यातल्या सगळ्यांना सोबत घ्या, मग ते कुठल्याही धर्माचे असोत.

एक लक्षात ठेवा. आपल्या दारातला कचरा दुसऱ्या गरीब गावाच्या दारात गेला, तर तो आपला विजय नाही. आपली मागणी कचरा हलवण्याची नको. तो मुळात कमी करा, आणि ज्याने केला त्यानेच तो निस्तरावा, ही मागणी हवी.