एकट्याचा वाद्यवृंद

मैफलीत गाणारा आणि ऐकणारा एकाच क्षणाचे भागीदार असतात. ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तिचे काम त्या क्षणाची नोंद ठेवण्याचे होते. प्रत्यक्षात जे घडले ते तबकडीवर उतरले, इतकेच. पुढे चुंबकीय ध्वनिफीत आली आणि हे नाते हळूहळू उलटे झाले. जे संगीत एकाच वेळी, एकाच ठिकाणी कधी वाजलेच नाही, तेही ऐकता येऊ लागले. इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने जो प्रवाह सुरू झाला, त्याला या नव्या सामर्थ्याची विशेष ओढ होती. तीन मिनिटांच्या गीताची चौकट त्याला अपुरी वाटे. तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी रचना करावी, तीत अभिजात संगीत, लोकसंगीत आणि विजेची गिटार एकत्र नांदवावी, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. ती पुष्कळदा नुसत्या भपक्यात विरून गेली, हेही खरे. परंतु माइक ओल्डफील्ड या तरुणाच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेत तिला जे रूप लाभले, ते निराळ्याच गरजेतून आले होते.

ओल्डफील्डचा जन्म १९५३ चा, रेडिंग या गावचा. आईच्या मानसिक आजाराने घरावर सावट पडलेले. मुलगा खोलीत कोंडून घेऊन गिटार वाजवीत बसे. पंधराव्या वर्षी बहीण सॅली हिच्या जोडीने त्याची पहिली तबकडी निघाली. पुढे केव्हिन एअर्स याच्या वृंदात तो बास गिटार वाजवू लागला. स्वभाव अतिशय बुजरा आणि भीतीचे झटके येणारा. आपल्या मनातले संगीत दहा जणांना समजावून सांगणे हे अशा मुलाला ते संगीत रचण्यापेक्षा कठीण.

एअर्सने त्याला आपले ध्वनिमुद्रण यंत्र वापरावयास दिले. असे यंत्र नवे ध्वनी घेण्यापूर्वी फितीवरचे जुने पुसून टाकते. त्यासाठी त्यात एक स्वतंत्र भाग असतो. ओल्डफील्डने त्या भागापुढे पुठ्ठ्याचा तुकडा लावून त्याचे काम बंद पाडले. आता जुने पुसले जाईना आणि नवे त्यावर चढू लागले. लंडनच्या टॉटनहॅम भागातल्या बिऱ्हाडात, १९७१ साली, त्याने अशा रीतीने एकावर एक वाद्ये चढविली. या पद्धतीत क्षमा नव्हती. चौथ्या थरात एक सूर चुकला तर तो तेवढाच काढून टाकता येत नसे. खालचे तिन्ही थर त्याच्याबरोबर बिघडत. शिवाय प्रत्येक नव्या थराने जुना किंचित मंद होई. तरीही त्या फितीवर एका दीर्घ रचनेचा आराखडा उभा राहिला. ती घेऊन तो ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे गेला. गायन नाही, ढोल नाहीत, हे विकावयाचे कसे, असे म्हणून त्यांनी त्याला परत पाठविले.

ऑक्सफर्डशायरमधील शिप्टन-ऑन-चेरवेल या खेड्यात रिचर्ड ब्रॅन्सन याने एक जुना वाडा घेऊन त्याचे ‘द मॅनर’ हे ध्वनिमुद्रणगृह बनविले होते. वादकांनी तेथेच राहावे आणि मनास येईल तेव्हा वाजवावे, अशी सोय. दुसऱ्या एका गायकाच्या साथीला ओल्डफील्ड तेथे गेला असता टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या ध्वनिमुद्रकांनी त्याची फीत ऐकली आणि ती त्यांनी मनावर घेतली. पुढे वर्षभराने, नोव्हेंबर १९७२ मध्ये, त्याला वाड्यात एक आठवडा मिळाला. वय एकोणीस.

आता हाताशी सोळा मार्गांचे यंत्र होते. एकाच रुंद फितीवर सोळा समांतर पट्टे. प्रत्येकावर एक वाद्य, आणि एक पुसले तरी दुसऱ्याला धक्का नाही. पण प्रारंभीच अडचण आली. पियानोवरची जी सुरावट आरंभी घुमत राहते, ती पंधरा मात्रांची आहे. सोळाव्या मात्रेची वाट पाहणारा कान दर आवर्तनाला थोडा पुढे लोटला जातो, आणि त्या रचनेतली सारी अस्वस्थता या एका गाळलेल्या मात्रेत आहे. पंधरा मात्रांच्या सवारीशी परिचय असलेल्या आपल्याकडील श्रोत्याला त्यात नवल वाटणार नाही. परंतु तेथे समेवर भेटणारा तबलजी असतो. येथे समोर कोणीच नव्हते. वादकाला साथ करावयाची होती ती स्वतःच्याच, काही तासांपूर्वीच्या हातांना, आणि ते दोन हात एकमेकांशी जुळेनात. अखेर दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या तालयंत्राची टकटक फितीवर घेतली, तेव्हा कोठे लय स्थिर झाली.

मग पियानोवर ऑर्गन, त्यावर गिटारी, मँडोलिन, ग्लॉकेनस्पील असे थर चढत गेले. गिटारीचे काही भाग फीत अर्ध्या वेगाने फिरवून घेतले. पूर्ण वेगात ते एक सप्तक वर जातात आणि मानवी बोटांना न साधणाऱ्या चपळाईने धावतात. बासरी, उभा बास, ढोल आणि काही आवाज एवढेच इतरांकडून घेतले. बाकी जवळजवळ सारा वृंद एकट्याचा. ढोल तर दुसऱ्या बाजूवर थोडा वेळ येतात तेवढेच.

ज्यावरून रचनेला नाव पडले त्या घंटा योगायोगाने आल्या. जॉन केल या संगीतकाराचे काम संपून त्याची भाड्याची वाद्ये बाहेर नेली जात होती. त्यांत धातूच्या लांब नळ्या टांगलेले हे वाद्य ओल्डफील्डला दिसले आणि त्याने ते ठेवून घेतले. नेहमीच्या हातोडीने मनाजोगा नाद निघेना, म्हणून त्याने लोखंडी हातोडा घेतला. पहिल्या बाजूच्या अखेरीस व्हिव्हियन स्टॅनशॉल, दरबारात मानकऱ्यांची नावे पुकारावीत तशा थाटात, एकेका वाद्याचे नाव घेतो. सर्वांत शेवटी त्या घंटांचे.

आठवड्यात एकच बाजू झाली. दुसरी बाजू १९७३ च्या वसंतापर्यंत, दालन मोकळे असेल त्या वेळी, तुकड्यातुकड्यांनी पूर्ण झाली. तबकडीत थोडे तरी गायन असावे असा आग्रह झाला, तेव्हा संतापून त्याने मद्य घेतले आणि घसा फाटेपर्यंत आरडाओरडा केला, असे त्याने पुढे सांगितले. फितीचा वेग बदलल्याने ती आरोळी गुहेतल्या आदिमानवाची वाटते. विनोद म्हणून ती खपून जाते. ऐकताना मात्र हसू टिकत नाही.

२५ मे १९७३ रोजी ‘व्हर्जिन’ या नव्या कंपनीची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून ती प्रसिद्ध झाली. बी.बी.सी.वर जॉन पील याने ती वाजविली. महिनाभरात, २५ जून रोजी, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ती प्रत्यक्ष सादर करावयाचे ठरले आणि मोठा पेच पडला. एकाने केलेले वाजविण्यासाठी अनेक वादक जमवावे लागले, आणि ज्या घोळक्यापासून तो पळत होता त्याच्याच मधोमध त्याला उभे राहावे लागणार होते. त्या दिवशी त्याने नकार दिला. ब्रॅन्सनने आपली बेंटली मोटार देऊ केली तेव्हा तो तयार झाला, अशी हकिगत ब्रॅन्सननेच लिहून ठेवली आहे. श्रोत्यांनी उठून टाळ्यांचा गजर केला. ओल्डफील्डला मात्र त्या रात्री वादनातल्या चुकाच तेवढ्या ऐकू आल्या.

पुढे ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भयपटाने आरंभीची सुरावट घेतली आणि ती जगभर गेली. ऑक्टोबर १९७४ मध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आली, तेही त्याच्याच दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला खाली सारून.

घाईत राहून गेलेले दोष मात्र त्याला सलत राहिले. तीस वर्षांनी, २००३ साली, त्याने संपूर्ण रचना नव्या अंकीय यंत्रांवर पुन्हा वाजविली. लय नेमकी, सूर चोख. स्टॅनशॉल १९९५ साली निवर्तला होता. वाद्यांची नावे या वेळी जॉन क्लीझ या नटाने पुकारली. मॅनरचे ध्वनिमुद्रणगृहही १९९५ सालीच बंद झाले होते. नवी आवृत्ती निर्दोष आहे. तरी श्रोते अजून हात घालतात तो जुन्या तबकडीलाच, जीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा पंधराव्या मात्रेवर स्वतःलाच गाठू पाहतो आणि कधी कधी किंचित चुकतो.