फ्रीझर सांभाळताना

घरच्या डीप फ्रीझरविषयी बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. जिने स्वतःच्या हलगर्जीपणामुळे बावीस किलो आमरस कलमाच्या मुळाशी ओतला, तीच आता रेडिओवर फ्रीझरबद्दल सांगणार! पण म्हटलं, ज्याचा हात पोळतो त्याला चूल बरोबर कळते. म्हणून आले.

दापोली तालुक्यात आमचं घर. हापूसची थोडी कलमं आहेत. डागी किंवा फार पिकलेला आंबा पेटीत भरता येत नाही, त्याचा रस काढून मी किलोकिलोच्या पिशव्या भरते आणि मुंबई-पुण्याच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना देते. त्यासाठी तीनशे लिटरचा, वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीझर घेतला. गार हवा जड असते, ती तळाशी बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती आपल्या पायांवर सांडते, पेटीतून तेवढी जात नाही. पण झाकण घट्ट बसत असेल तर! माझं घोडं तिथेच अडलं होतं.

२०२० च्या फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं, की मागच्या उजव्या कोपऱ्यात बर्फ फार साचतो. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, "वहिनी, रबर कडक झालंय, बदलून घ्या." मी म्हटलं, "सीझन होऊ दे." आमच्या कोकणातल्या हवेत ओल किती ते तुम्हाला माहीत आहे. रबराच्या फटीतून ती ओली हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी भिंतीवर गोठतं. थंडी देणारी नळी भिंतीच्या आत असते. तिच्या आणि मालाच्या मध्ये बर्फाचा थर आला, की गोधडी घातल्यासारखं होतं. मशीन बिचारं चालतच राहतं. एरवी त्या फ्रीझरला दिवसाला दीड युनिट लागायचं, त्या एप्रिलमध्ये दोनच्या वर गेलं. मी दोष दिला उन्हाळ्याला.

मार्चअखेर टाळेबंदी लागली. गाड्या मिळेनात, आंबा बाहेर जाईना. झाडावरचं फळ काही थांबत नाही. एरवी पेटीत गेला असता तो आंबाही रसात गेला. मेच्या शेवटी फ्रीझरमध्ये नव्वद पिशव्या होत्या, निम्म्यांचे पैसे मी आगाऊ घेतले होते. त्या वर्षीची आमची कमाई म्हणजे ती पेटी.

आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. सकाळीच वीज गेली. दुपारी पडवीचे पत्रे गेले, सतरा कलमं आडवी झाली. रस्त्यावर झाडं, फोन बंद, बर्फ आणायचा तर कुठून? सासूबाई म्हणाल्या, "अगं, उघडून बघ तरी." मी म्हटलं, "आई, उघडायचंच नाही." एवढं एक शहाणपण मला होतं. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण अठ्ठेचाळीस तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला असेल तर चोवीस. आम्ही त्याच्यावर होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घातल्या. (हे वीज नसतानाच करायचं. पेटीच्या बाहेरच्या भिंतींतून मशीन उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणून त्या कोमट लागतात. चालू फ्रीझरला हौसेने विणलेलं कव्हर घालणाऱ्या मैत्रिणींनी ते आजच काढावं.)

तिसऱ्या दिवशी वीज येण्याची आशा सोडली आणि झाकण उघडलं. तळाच्या पिशव्या दगडासारख्या. मधल्या मऊ, पण आत बर्फाचे खडे हाताला लागत होते. आणि त्या उजव्या कोपऱ्यातल्या बावीस पिशव्या? पार पातळ, हाताला गारवासुद्धा नाही. जिथे रबर गेलं होतं, बरोबर तिथल्याच.

आत बर्फाचे कण असतील किंवा फ्रीजमधल्या दुधाइतका गारवा असेल, तर माल वापरता येतो. गारवा गेलेला असेल तर किती तास गेला हे आपल्याला कळत नाही. त्या बावीस पिशव्यांना वास येत नव्हता, रंग तोच. शेजारचे एकजण म्हणाले, "वीज आली की परत गोठवा, मुंबईच्या माणसाला काय कळतंय?" खोटं कशाला सांगू, रात्रभर माझ्या मनात तेच घोळत होतं. पोरं खाणार होती तो रस. सकाळी मी त्या पिशव्या फोडून कलमाच्या मुळाशी ओतल्या.

उरलेला अडुसष्ट किलो रस वाया जाऊ द्यायचा नव्हता. पावसामुळे साठं घालायची सोय नाही. लाकडं सगळी भिजलेली. मग माळ्यावरची सोडणं आणि करवंट्या काढल्या, अंगणात चुली मांडल्या आणि वाडीतल्या चारजणींनी मिळून दोन दिवस रस आटवला. एक घाणा झाला की पुढच्या पिशव्या बाहेर, तोपर्यंत झाकण बंद. तो मावा पुढे विकला गेला. रसाचे आगाऊ घेतलेले पैसे ज्यांना हवे होते त्यांना परत केले, काहींनी मावाच घेतला. आमच्या वाडीत वीज आली अठराव्या दिवशी.

वीज आली तरी मी लगेच बटण दाबलं नाही. सुरुवातीला दाब कमीजास्त होतो, दहा मिनिटं थांबावं. आधी रबर बदललं. आता दर महिन्याला दहाची नोट झाकणात धरून ओढून बघते, चारी बाजूंनी. नोट अडली पाहिजे. अलगद निघून आली, तर तिथून हवा जाते. रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते, ती साबणाच्या कोमट पाण्याने पुसायची आणि कोरडं करायचं.

बर्फाचा थर करंगळीच्या निम्म्याइतका झाला की फ्रीझर बंद करून उतरवायचा. मी ते पावसाआधी आणि दिवाळीनंतर करते, तेव्हा माल कमी असतो. माल वर्तमानपत्रात गुंडाळून गोधडीत ठेवावा, पेटीत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावावं. अर्ध्या तासात बर्फाचे पापुद्रे सुटतात. सुरी नको! माझ्या नणंदेने सुरीने बर्फ खरवडला, फुस्स झालं आणि फ्रीझर कायमचा गेला. भिंतीतली नळी दुरुस्त करणं परवडत नाही. शिवाय नव्या बऱ्याच फ्रीझरमधला वायू पेट घेणारा असतो.

भरण्याचंही एक आहे. पूर्वी मी एका दिवसात तीस पिशव्या आत टाकायची. त्या गोठायला दोन दिवस लागायचे, आधी गोठलेल्याही मऊ पडायच्या. सावकाश गोठलेल्या रसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि वितळल्यावर तो पाणचट लागतो. आता रस रात्रभर फ्रीजमध्ये गार करते, पिशव्या चपट्या भरते, हवा काढते आणि दिवसाला दहा-बाराच भिंतीला लावून ठेवते. तारीख लिहिते. मासळीच्या बाबतीत तर तारीख हवीच. बांगडा, तारली अशी तेलकट मासळी गोठवूनही दोन-तीन महिन्यांत खवट होते. आत जागा रिकामी राहिली तर पाण्याच्या बाटल्या ठेवते, गळ्यापर्यंत न भरता, कारण पाणी गोठताना फुगतं.

शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर आत टांगलाय. काटा उणे अठराच्या वर चढला, की मी आधी रबर बघते, मग मागची धूळ, मग मेकॅनिकला फोन. आणि एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलंय. घर बंद करून जाणाऱ्या चाकरमान्यांनी हे जरूर करावं. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर समजावं, मागे वीज जाऊन सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं. मग आतली सुरमई कितीही छान दिसो.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. वीज पावणेदोन दिवस नव्हती. फ्रीझरमध्ये चौसष्ट पिशव्या होत्या. वीज आल्यावर सासूबाई स्वतः झाकणापाशी येऊन उभ्या राहिल्या. उघडलं, तर नाणं बर्फाच्या वर होतं. त्यांनी त्या कोपऱ्यातली पिशवी काढली, कट्ट्यावर आपटून बघितली, खणखणीत वाजली, आणि मला म्हणाल्या, "लाव लवकर झाकण, गारवा जातोय."