कापसाच्या घरात लोखंड कापताना

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचा, कर्जाचा, विजेचा विषय झाला. आता एक लहान दिसणारा विषय घेऊ : घरच्या दुरुस्तीसाठी लोखंड कापायला यंत्र कोणते घ्यावे? ऐन पेरणीत अँगलचा एक तुकडा कापायला तालुक्याला दोन दिवस गेले, तर कोरडवाहू जमिनीतला वाफसा आपल्यासाठी थांबत नाही. मजुरी आणि एसटीचे भाडे जाते ते वेगळेच.

1990 च्या दशकात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. त्यातली माजघर शेती म्हणजे आपल्या मालावर आपल्याच घरी प्रक्रिया. अवजारांच्या दुरुस्तीलाही तोच हिशेब लागू आहे. मात्र यंत्र आपल्या कामाचे हवे. दुकानदाराने दाखवले म्हणून उधारीवर आणलेले नको.

पहिले साधन हॅकसॉ. 12 इंची पात्यावर इंचाला 18, 24 किंवा 32 दात असतात. जाड पट्टीला 18, अँगलला 24, पातळ पाइपाला 32. लोखंडाच्या जाडीवर निदान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात झडतात. वीज लागत नाही, ठिणगी उडत नाही. सोबत एक भक्कम व्हाइस घ्या; निम्मे काम पकडीतच असते.

दुसरे, 4 इंची हातग्राइंडर. 700 ते 850 वॅटचा, म्हणजे तीन-चार अँपिअर. वजनाला हलका, शेतावरही नेता येतो. तिसरे, 14 इंची चकतीचा चॉप सॉ. काप सरळ येतो, पण तो 2000 वॅटच्या पुढे खातो, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. त्याला 16 अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग लागते. गावात विजेचा दाब उतरला की त्याची मोटर ओढत नाही, तापते. चौथे, हातातला बँड सॉ. त्यात दातेरी पट्टा फिरतो आणि ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत. पण तो महाग आहे, आणि त्याचे पाते तालुक्याला मिळते का हे आधी विचारा. कमानपाट्याच्या पोलादाची वखराची पास मात्र दातेरी पात्याला दाद देत नाही, आणि चकतीच्या उष्णतेने तिचे पाणी उतरते. ते काम लोहारदादाकडेच राहू द्या.

आता खरा मुद्दा. चकतीतून उडणारी ठिणगी म्हणजे जळते लोखंड. भाव चढेल या आशेने कापूस आपण घरातच भरून ठेवतो, कडब्याची गंजी गोठ्याला लागून असते. ठिणग्या 35 फुटांपर्यंत जाऊ शकतात असे धरून चालावे. कापसात पडलेली ठिणगी लगेच भडकत नाही, आत धुमसत राहते आणि सगळे निजल्यावर पेट घेते. वर्षाचा घाम एका रात्रीत राख होतो. म्हणून घरात कापूस असेतो घरात किंवा ओसरीवर चकती फिरवायची नाही. मोकळ्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून, पाण्याची बादली जवळ ठेवून कापा, आणि नंतर निदान अर्धा तास तिथून हलू नका.

2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. साधन हातात येते, पण त्यापासून जीव वाचवण्याची सामग्री सोबत येत नाही, हे आपण तेव्हा पाहिले. म्हणून चष्मा, हातमोजे आणि बूट यंत्राच्या किमतीतच धरा. ग्राइंडरचे झाकण काढू नका. लाकडाचे दातेरी पाते त्याला लावू नका. चकतीवर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. मुदत संपलेली, भिजलेली किंवा तडकलेली चकती फेकून द्या.

आमचे सांगणे एवढेच : प्रत्येक घरी हॅकसॉ आणि व्हाइस, ज्याला गरज त्याला ग्राइंडर, आणि चॉप सॉ आठ-दहा घरांनी मिळून एक. तो कापूस नसलेल्या जागी ठेवा. यंत्र निवडताना ताकद शेवटी पाहा. आधी घरात काय साठवले आहे ते पाहा.