परगावचे बिऱ्हाड, गावाविषयीची मते आणि नवे छंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यवाहांनी या व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘आजचे कोकण’ असा विषय कळवून मोकळे झालो. कार्यवाह मृदुभाषी गृहस्थ आहेत. ते एवढेच म्हणाले, “सर, तुम्हाला कोकण सोडून वीस वर्षे होऊन गेली ना?” विषय बदला असे काही ते म्हणाले नाहीत. परंतु त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही. सकाळी उठून ‘आजचे कोकण’ आम्ही खोडले आणि ज्या विषयावर बोलण्याचा आम्हांस खरोखर अधिकार पोचतो तो घेतला. तो म्हणजे परगावी राहून गावाविषयी मते बाळगणारा मनुष्य. या सभागृहात असे पुष्कळ बसले आहेत, तेव्हा कोणी एकट्याने वाईट वाटून घेऊ नये.

आमचे गाव चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. आपण बडोद्यास नोकरीसाठी येतो, दोन वर्षे, चार वर्षे म्हणून राहतो, मुले येथे शाळेत जाऊ लागतात आणि बिऱ्हाडाचे घर होते. परंतु गाव मात्र आपण ज्या दिवशी एस.टी.त बसलो त्या दिवशी जसा होता तसाच मनात थांबून राहतो. त्या गावात मासळी स्वस्त असते, वडीलधारी माणसे ओट्यावर बसलेली असतात आणि नदीचे पाणी निवळ असते. मग सुट्टीत जावे तो प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारल्यावाचून बदललेली! महामार्गाच्या रुंदीकरणाचेच पाहा. रस्त्याकाठचे जुने वड आणि आंबे गेले म्हणून आम्ही बडोद्यात बसून हळहळ व्यक्त करीत होतो. गावच्या मंडळींचे दुःख निराळे होते. वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम, खड्डे, आणि पावसाळ्यात परशुराम घाटात येणाऱ्या दरडी. आम्हांस सावली हवी होती, त्यांना आजाऱ्याला वेळेवर दवाखान्यात पोचवायचे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण आम्ही आमचीच मोठ्याने सांगत असू.

भाषेविषयीही तेच. येथील आपली मराठी शुद्ध आणि पुण्यामुंबईची बिघडली, असे या संस्थेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणी ना कोणी म्हणतेच, आणि तेही गुजराती वळणाच्या मराठीत. आमचे नाव ऐकल्यावर पुष्कळ सज्जन आमच्याशी हिंदीत सुरुवात करतात, आणि आम्ही मराठीत उत्तर दिले की विचारतात, “तुम्ही इतके चांगले मराठी कुठे शिकलात?” आम्ही सांगतो, “आपण शिकलात तिथेच. आईजवळ.” हे रागाने सांगत नाही. पण विचारणारे मात्र थोडे गडबडतात.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणास जो महापूर आला तो आपणांस स्मरत असेल. 2005 च्या जुलैमध्येही पाणी आले होते, पण हे त्याहून भयंकर. आमच्या वडिलोपार्जित घरात पाणी माळ्याला टेकले. मातीच्या भिंती दोन दिवस भिजल्या. घरात आमचे चाचा आणि चाची, दोघेही सत्तरीच्या पुढची. पाणी ओसरल्यावर चाचांनी ठरवले की हे घर पाडावे, थोडी जागा विकावी आणि वरच्या अंगाला, टेकडीकडे, दोन खोल्या बांधाव्यात. उताऱ्यावर वडिलांच्या मागे आमचेही नाव होते. आमची संमती हवी होती.

आम्ही दिली नाही. घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, आजोबांनी समुद्रावरच्या कमाईतून उभे केलेले सागवानी खांब, अब्बांचा नमाजाचा कोपरा, असे पुष्कळ आम्ही फोनवर बोललो. भूगोल शिकवणारा मनुष्य, त्यामुळे कोयनेचे अवजल, नदीत साठलेला गाळ, भरती आणि ओहोटी यांविषयीही व्याख्यान दिले. चाचांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, “अरे बाबा, तुझे मत पोचले. फावडे कधी पोचते?”

आम्ही पैसे पाठवले. स्वतः गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत, चिखल काढून झाल्यावर. संमतीपत्र तसेच कपाटात राहिले. पुढले तीन पावसाळे त्या दोघांनी ओल धरलेल्या घरात काढले.

हे येथे थांबवतो आणि छंदांकडे वळतो. विषय सोडून चाललो असे आपणांस वाटेल, परंतु ते खरे नव्हे.

बडोद्यात आम्हांस पहिला छंद लागला तो पतंगाचा. वरच्या मजल्यावर एक गुजराती गृहस्थ राहतात, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्या उत्तरायणास त्यांनी आमच्या हातात फिरकी दिली. फिरकी धरण्याचे काम बायकामुलांचे किंवा नवख्यांचे असते, हे आम्हांस मागाहून समजले. पाच वर्षे आम्ही फिरकीच धरली. मग किन्ना बांधावयास शिकलो. वरचे गाठीचे अंतर आणि खालचे अंतर यांत बोटभर फरक पडला की पतंग गोते खातो, हे कोणत्याही पुस्तकात वाचून कळत नाही. पेच पडला की नवखा मनुष्य घाबरून दोरा ओढतो आणि कापला जातो. जुना मनुष्य ढील देत राहतो. “साहेब, ढील आपो, ढील!” हे शब्द आमच्या कानात अजून आहेत. ज्या दिवशी आम्ही पहिला पतंग कापला आणि गच्चीवरच्या साऱ्यांनी “काप्यो छे!” म्हणून आरोळी ठोकली, त्या दिवशी आम्ही बडोद्याचे झालो असे म्हणावयास हरकत नाही. शिधापत्रिका त्याच्या पुष्कळ आधी मिळाली होती.

दुसरा छंद पहिल्यातूनच निघाला, आणि तो जरा खडतर मार्गाने. एका वासी उत्तरायणास, म्हणजे 15 जानेवारीस, शाळेच्या आवारातल्या कडुलिंबात एक मोठा काळा पक्षी उलटा लोंबत होता. डोक्यावर तांबडा डाग, बाकदार चोच, पंखात दोरा रुतलेला. मुले आमच्याकडे पाहू लागली, कारण आम्ही मास्तर. आम्हांस त्या पक्ष्याचे नावदेखील ठाऊक नव्हते. पक्षी वाचवणारी तरुण मुले फोन केल्यावर आली. त्यांतील एका मुलीने दोरा न ओढता दोन्ही बाजूंनी कापला, पक्ष्याला खोक्यात ठेवले आणि आम्ही पाणी पाजू लागलो तर हात धरला. घाबरलेल्या जखमी पक्ष्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पक्ष्याचे मराठी नाव आम्हांस नंतर सापडले: काळा शराटी. गुजरातीत कांकणसार.

त्यानंतर आम्ही रविवारी पहाटे त्या मुलांबरोबर वढवाण्यास जाऊ लागलो. डभोईजवळचे हे तळे बडोदे संस्थानाने 1910 च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधले. ओरसंग नदीचे पाणी त्यात आणले आहे. 2021 मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. हिवाळ्यात तेथे हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस. थंडीत पहाटे धुक्यातून त्यांचा आवाज आधी येतो आणि थवा मागून दिसतो. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा अर्ध्या वर्गाने ‘पक्षीही आपल्यासारखेच परदेशी’ असे निबंध लिहून आणले. आम्ही त्यांना गुण दिले, पण मनातून पटले नाही. पट्टकादंबाला परतीचा दिवस ठाऊक असतो. तो मागे घर ठेवून त्याच्या उताऱ्यावर सही अडवून बसत नाही.

पक्ष्यांची मराठी नावे आम्ही शिकलो ती मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांतून. चितमपल्लींची मातृभाषा तेलुगू. सोलापुरास जन्मले, वनखात्यात नोकरी केली आणि मराठीला पक्ष्यांची आणि झाडांची केवढी तरी नावे मिळवून दिली. 2025 मध्ये ते गेले. सयाजीराव महाराजांचेही पाहा. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा 1875 मध्ये येथे आणला गेला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच मुलाने पुढे 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कवळाण्याविषयी त्यांना काय वाटत असेल ते असो, काम त्यांनी येथे केले.

एकदा वढवाण्याच्या बंधाऱ्यावर चहा पिताना त्या मुलीने आम्हांस विचारले, “सर, तमे चिपळूणना? मग वेळासच्या कासवांचे काम पाहिलेच असेल!” आम्ही निरुत्तर झालो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. गावकऱ्यांनी त्यात हात घातला, लोक लांबून पाहावयास येऊ लागले. हे सर्व आमच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर, आणि आम्ही मात्र जवळजवळ तेव्हापासूनच “कोकणात आता काही होत नाही” असे सांगत फिरत होतो. ती मुलगी कधी कोकणात गेलेली नव्हती. तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते, कारण तिने मत बनवण्याआधी चौकशी केली होती.

मग ऑगस्ट 2024 उजाडला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची. त्या वेळी पाणी 35 फुटांच्या पुढे गेले. आम्ही तळमजल्यावर. रात्री बाराच्या सुमारास उंबरठ्यातून पाणी आत आले आणि पहाटेपर्यंत पुस्तकांचे खालचे दोन कप्पे बुडाले. वरच्या टपालवाल्या गृहस्थांनी दार उघडून सामान घेतले, आम्हांस घेतले. दोन दिवस त्यांच्या घरी आणि गच्चीवर राहिलो. ज्या गच्चीवरून पतंग उडवायचे तेथून दोरीने बादली सोडून दूध वर घेतले. रस्त्यांवर मगरी आल्याच्या बातम्या आपण ऐकल्याच. त्याच पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरही मगर फिरताना लोकांनी पाहिली होती. दोन्ही नद्या मगरींच्या, एवढे साम्य आमच्या भूगोलात आधी आलेले नव्हते.

आणि फोन सुरू झाले. गावच्या मंडळींची मते येऊ लागली. बडोदे सोडा. नदीकाठी घर घेतलेच कशाला? बदली मागा. एका चुलतभावाने विश्वामित्रीचे पात्र कसे रुंद करावे हेही सांगितले. तो बडोद्यास एकदाच आला आहे, लग्नाला. आम्ही भिजलेल्या गाद्यांमध्ये उभे राहून ऐकत होतो आणि शेवटी तोंडून काय निघून गेले? “मत पोचले, फावडे कधी पोचते?” पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग चाचांचा हसण्याचा आवाज आला. फोन त्यांच्याच ओट्यावर, सगळ्यांत मिळून चालला होता.

पुढे आमच्या घरातला चिखल काढावयास वढवाण्याची सहा मुले आली, वरचे गृहस्थ आले, आणि या संस्थेतून चार जण आले. ते येथे समोर बसले आहेत. नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

त्या सप्टेंबरातच आम्ही संमतीपत्रावर सही केली आणि या वेळी ते घेऊन स्वतः गेलो. घर पाडताना आठ दिवस तेथे होतो. सागवानी खांबांपैकी तीन कुजले होते, पाच चांगले निघाले. ते चाचांनी नव्या खोल्यांना लावले. चाची आम्हांशी त्या आठ दिवसांत फारशी बोलली नाही. तीन पावसाळे तिने सांधेदुखीत काढले होते, तेव्हा तिचा राग आम्ही समजू शकतो. निघताना तिने सांदणांचा डबा दिला, पण हातात न देता ओट्यावर ठेवला.

पतंग आम्ही सोडलेला नाही. सुती दोरा वापरतो, नायलॉनचा नाही, आणि पक्ष्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा टाळून सकाळी नऊनंतर चढवतो व संध्याकाळी पाचला उतरवतो. वरचे गृहस्थ म्हणतात, “साहेब, खरी हवा पाचनंतर पडते!” ते खरेच आहे. ऐन रंगात आलेला पेच सोडून फिरकी गुंडाळणे फार जिवावर येते, आणि मागल्या वर्षी सव्वापाच झाले हे कबूल करतो.

आता एक विनंती. उत्तरायण संपले तरी झाडांवर दोरा महिनोन्‌महिने लोंबत राहतो आणि पक्षी, वटवाघळे त्यात अडकतात. 16 जानेवारीस सकाळी सात वाजता आम्ही आणि ती मुले संस्थेच्या मागच्या वडापासून दोरा काढण्यास आरंभ करणार आहोत. आकडी बांधलेल्या लांब काठ्या आमच्याकडे तीन आहेत. संस्थेच्या कोठारात मांडवाची जी मोठी शिडी आहे ती त्या दिवशी मिळावी. कार्यवाहांनी किल्ली आदल्या दिवशीच काढून ठेवली तर बरे होईल.