थाळनेरचे बुरूज



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, पाया आणि पाथरवट यांची बोलणी निघतात. त्यातूनच तट-बुरुजांचा विषय आज ठेवला आहे. आपल्या शहादे तालुक्यात सुलतानपूरला जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. परंतु बुरुजांची खरी हकीकत ऐकायची ती थाळनेरची. तापीमाई थाळनेरवरून सारंगखेड्याला व तेथून प्रकाशाला येते, म्हणजे गाव काही परके नाही.

इ. स. १३७० मध्ये दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने मलिक राजा फारुकी यास थाळनेर व करवंद ही जहागीर दिली. त्याने थाळनेरास ठाणे केले. तो १३९९ मध्ये वारला. मुलगा नासिरखान याने पुढे असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसविले, आणि थाळनेरचे महत्त्व ओसरले. फारुकी राजांच्या कबरी मात्र तेथेच आहेत.

आता बुरूज कशासाठी? नुसता सरळ तट असला तर त्याच्या अगदी पायथ्याशी येऊन चिकटलेला शत्रू वरच्या शिपायास दिसतच नाही. बुरूज तटाच्या पुढे येतो, त्यामुळे दोन बुरुजांवरून मधल्या तटाचा पाया आडव्या माऱ्यात सापडतो. शिवाय बुरूज गोल असला की त्यास कोपरा नसतो. तोफेचा गोळा बसला तरी बहुधा घसरून जातो. खान्देशातील गढ्यांत खाली दगड व वर पांढरीची माती दिसते. अडाणीपणा म्हणून कोणी हसू नये. मऊ माती गोळा गिळून टाकते, दगड मात्र फुटतो. तिचा खरा वैरी पाऊस!

थाळनेरची रचना विलक्षण होती. १८१८ साली इंग्रज फौजेबरोबर आलेल्या ब्लॅकर नावाच्या अधिकाऱ्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. एक बाजू थेट तापीतून वर आलेली, म्हणजे नदी हाच खंदक. उरलेल्या तीन बाजूंस १०० ते १५० वार रुंदीचा सखल भाग व त्यावर सुमारे ६० फूट उंच तट. आत जाण्यास पूर्वेकडून एकच वाट, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे. वाट वळणावळणाची व चढाची. एक दरवाजा फोडणारा दुसऱ्याच्या माऱ्यात अडकायचा.

ही जागा होळकरांकडे होती. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने खान्देश इंग्रजांकडे गेला. कागद झाला, पण किल्लेदार तुळशीराम किल्ला देईना. २७ फेब्रुवारीस जनरल हिस्लॉपने तोफा लावल्या. तोफांच्या माऱ्यानंतर बोलणी सुरू झाली व फौज दरवाज्यांतून आत सरकू लागली. किल्लेदार दिंडीतून बाहेर आला आणि ताब्यात गेला. शेवटच्या दरवाज्यापाशी आतल्या अरब शिबंदीशी बोलणी चालली होती, पण एकाची भाषा दुसऱ्यास नीट कळेना. दिंडी उघडली, मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर थोड्या शिपायांनिशी आत शिरले, चकमक उडाली आणि दोघेही ठार झाले. मग बाहेरची फौज आत घुसली. सुमारे ३०० माणसे कापली गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी किल्लेदारास तेथेच झाडाला फाशी दिले. चकमक झाली तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता, हे लक्षात घ्यावे. पाच दरवाजे आणि ६० फुटांचा तट असूनही त्यास कोणी वाचविले नाही. या कृत्यावर खुद्द विलायतेत टीका झाली. १८१९ साली पार्लमेंटने हिस्लॉपचे आभार मानले, परंतु थाळनेरच्या फाशीस ही संमती समजू नये, असे त्यात वेगळे नमूद करावे लागले.

आज नदीच्या अंगास तट-बुरुजांचे अवशेष उभे आहेत. बाकीचे पुष्कळसे पावसाने व पुराने नेले. काही लोकांनीही नेले असेल, कारण धाब्याच्या घरावर टाकायला गढीची पांढरी माती फार चांगली, हे कोणाच्या आजीला ठाऊक नव्हते? शिरपूरकडे कामानिमित्त जाणाऱ्यांनी थोडी वाकडी वाट करून नदीच्या पात्रातून वर पाहावे. बुरुजाचा घेर तेथून चांगला दिसतो.